बिननावाची साखर : बारामती-इंदापूर आणि जाहिरातीतली बीजकल्पना

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कोणत्याही किराणा दुकानात जाऊन 'माळेगावची एक किलो साखर द्या' असे म्हणून पाहावे. दुकानदार साखर देईल. पण ती माळेगावची की सोमेश्वरची, छत्रपतीची, कर्मयोगीची की नीरा-भीमेची, हे त्याला सांगता येणार नाही. गिऱ्हाईकही तसे कधी विचारत नाही. त्याच दुकानात चहा नावाने मागितला जातो, मीठ नावाने मागितले जाते. साबण, बिस्किटे, अगरबत्ती, अगदी काडेपेटीसुद्धा नावाने मागितली जाते. ज्या वस्तूवर या दोन तालुक्यांतली घरे, लग्ने, शाळा-महाविद्यालये, पतसंस्था आणि निवडणुका उभ्या आहेत, तेवढी एकच वस्तू बिननावाची आहे.

यावरचे उत्तर ठरलेले असते : साखर ती साखर, तिची कसली जाहिरात करायची? हे उत्तर मला पटत नाही. मीठ ते मीठच असते, पाणी ते पाणीच असते. तरी दोन्हींना नावे मिळाली आणि त्या नावांवर मोठे उद्योग उभे राहिले. तेव्हा अडचण साखरेच्या गुणधर्मात नाही. या भागाला ऊस पिकवता आला, गाळता आला, त्यावर सत्ताही उभारता आली. मग त्यातून निघणाऱ्या साखरेबद्दल एक कल्पना का सुचली नाही? जाहिरातीच्या मजकुराची समीक्षा करता करता या प्रश्नाचे उत्तर मिळते का, ते येथे पाहायचे आहे.

समीक्षेच्या वाटेवर न आलेला मजकूर

मराठी समीक्षेने कीर्तनापासून पोवाड्यापर्यंत आणि लावणीपासून पुणेरी पाटीपर्यंत बरेच काही वाचले. जाहिरातीचा मजकूर मात्र तिने फारसा वाचला नाही. खरे तर आपले काही महत्त्वाचे कवी याच व्यवसायात होते. अरुण कोलटकरांनी अनेक वर्षे मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून काम केले. बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातल्या जेजुरीवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी संग्रहाला 1977 साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला आणि त्या संग्रहावर भरपूर लिहून आले. र. कृ. जोशी हे कवी, अक्षरकार आणि जाहिरात क्षेत्रातलेही मोठे नाव. पण या मंडळींच्या कचेरीतल्या कामाकडे आपण 'पोटापाण्याचा उद्योग' म्हणून पाहिले आणि पुढे गेलो. दोन ओळींत अनोळखी माणसाला थांबवायचे, त्याच्या मनातली शंका ओळखायची, तिला पुरून उरेल असे काहीतरी सांगायचे, हे काम कवितेपेक्षा वेगळे असेल. पण ते भाषेचेच काम आहे.

या व्यवसायात 'बिग आयडिया' हा शब्द फार चालतो. डेव्हिड ऑगिल्व्ही यांनी 1983 साली प्रसिद्ध झालेल्या जाहिरातविषयक पुस्तकात तो रूढ केला. त्यांच्या कसोट्यांपैकी दोन लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिल्यांदा पाहताना आपला श्वास क्षणभर अडकला का? आणि ही कल्पना तीस वर्षे वापरता येईल का? त्यांच्याआधी रॉसर रीव्हज यांनी 1961 साली दुसरे सूत्र मांडले होते : प्रतिस्पर्धी जे सांगत नाही किंवा सांगू शकत नाही, असे एकच ठाम विधान करा आणि ते सोडू नका. दोघांचेही म्हणणे उपयोगी आहे. पण ते कल्पना हाती आल्यावर तिला पारखण्यासाठी. कल्पना सापडते कुठे, हे त्यातून कळत नाही. मी तिला बीजकल्पना म्हणतो, कारण 'मोठी' हे विशेषण परिणामाचे आहे आणि 'बीज' हा शब्द ती कशातून आली याकडे बोट दाखवतो.

काही गाजलेल्या जाहिराती शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर माझ्या हाती एक गोष्ट लागली. बीजकल्पना वस्तूच्या गुणात सापडत नाही. ती गिऱ्हाइकाच्या मनातल्या हरकतीत सापडते. 'हरकत' हा शब्द खेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी नोटीस लागते. बहुतेक वेळा मुदत संपते आणि एकही हरकत येत नाही. याचा अर्थ लोकांची हरकत नसते असा नाही, ती बोलून दाखवलेली नसते. चांगल्या जाहिरातीची सुरुवात या न बोललेल्या हरकतीपासून होते.

लोखंडाचे विष

या दृष्टीने मराठी मुलखातले सगळ्यात जुने आणि बोलके उदाहरण किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. नांगर भक्कम होता. पण लोखंडाचे विष मातीत उतरते आणि जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकले जायला फार काळ लागला, ही हकिगत किर्लोस्करांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते.

येथे नांगराचे गुण कितीही सांगितले असते तरी उपयोग नव्हता. 'टिकाऊ आहे' म्हटले तर शेतकरी म्हणणार, 'म्हणजे विषही टिकाऊच.' हरकत वस्तूविषयी नव्हती, जमिनीविषयी होती. आणि जमीन म्हणजे आई. त्यामुळे नांगर विकणाऱ्याला आधी शेतकऱ्याचा विश्वास मिळवावा लागणार होता. 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर नीट लागतो. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारे हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाती वाढत वाढत मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. नांगर घेणाऱ्या माणसाला केवळ गिऱ्हाईक न मानता वाचक मानणे, ही त्या उद्योगाची खरी बीजकल्पना होती. ती तीस वर्षांपेक्षा कितीतरी जास्त टिकली.

तेच शब्द, वेगळा सूर

दुसरे उदाहरण थेट इंदापूर तालुक्याशी नाते सांगणारे आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद (1882-1953) यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या परिसरात उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला, तेच आजचे वालचंदनगर. याच वालचंदांनी त्याच काळात नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला साखरेचा दुसरा उद्योग काढला. दोन्हीकडे ऊस तोच, साखर तीच. फरक असा, की पुढे रावळगावात साखरेची गोळी झाली आणि गोळीला नाव मिळाले. वालचंदनगर यंत्रे बनवण्याकडे वळले आणि त्यात मोठे झाले.

रावळगावच्या 'पान पसंद' या गोळीची 1980च्या दशकातली दूरदर्शनवरची जाहिरात त्या पिढीतल्या बहुतेकांना आठवत असेल. एक स्त्री लग्नाच्या मागणीला फटकारून नकार देते. तोंडात गोळी जाते. ती पुन्हा तेच शब्द म्हणते. पण आता सूर असा गोड असतो, की नकार नकार राहत नाही. संहिता म्हणून हे वाचले तर लेखकाने केवढी काटकसर केली आहे ते दिसते. त्याने नवे शब्द लिहिलेच नाहीत. गायकीत 'हरकत' म्हणजे स्वराला दिलेली छोटी सुरेख वळणे. इथे मनातल्या हरकतीला गळ्यातल्या हरकतीने उत्तर दिले आहे.

मनातली हरकत कोणती? पान सगळ्यांना आवडते, पण त्याची चार कारणांनी अडचण होते. ते टपरीवर मिळते, तिथे बायका उभ्या राहत नाहीत. तोंड रंगते, थुंकावे लागते. मुलांना देता येत नाही. आणि पानाभोवती थोडा चावट वास असतो. गोळीने पहिल्या तीन अडचणी परस्पर सोडवल्या. जाहिरातीने चौथी सोडवली : पानातला चावटपणा काढून टाकला नाही, तर तो स्त्रीच्या तोंडी दिला आणि त्याचा रुसवा-लाडिकपणा करून टाकला.

या कल्पनेची किंमत किती, याचा हिशेबही उपलब्ध आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये रावळगावने आपला गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स उद्योगसमूहातल्या कंपनीला 27 कोटी रुपयांना विकला. विकले काय, तर नावे, व्यापारचिन्हे, पाककृती आणि त्यांवरचे हक्क. जमीन, इमारती, यंत्रे रावळगावकडेच राहिली. वाढती स्पर्धा आणि वाढलेला खर्च किमतीत भरून काढता न येणे, ही कारणे कंपनीने दिली होती. ही घटना दोन्ही बाजूंनी वाचायला हवी. कल्पना टिकली म्हणून ती विकली गेली. आणि फक्त कल्पनेवर व्यवसाय तरला नाही, हेही खरे. तरी आपल्याला कळायचे ते कळते. साखर कारखान्याच्या ताळेबंदात जमीन, बॉयलर, गोदामे असतात. नावाला किंमत असू शकते, हे रावळगावने दाखवले. आपल्या कारखान्यांच्या ताळेबंदात त्या रकान्यात लिहायला काय आहे?

बारामतीची गांधीलमाशी

आता बारामतीच्या एमआयडीसीत यावे. इथे पियाजिओ ही इटालियन कंपनी 1990च्या दशकाच्या शेवटापासून तीनचाकी 'ॲपे' बनवते आणि 2012 पासून 'व्हेस्पा' स्कूटर. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. व्हेस्पाचा जन्म 1946चा, ॲपेचा 1948चा. एकाच घरातल्या या दोन माश्यांचे मराठी मुलखात झालेले स्वागत पाहिले, की बीजकल्पनेबद्दल बरेच शिकता येते.

व्हेस्पा आपल्या जिल्ह्यात नवी नव्हती. आकुर्डीची बजाज कंपनी 1960च्या दशकात पियाजिओच्याच परवान्यावर ती बनवत होती. परवाना संपल्यावर 1972 साली बजाजने 'चेतक' आणली. 1980च्या दशकाच्या मध्यापासून जपानी तंत्राच्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा या स्कूटरवर हरकती होत्याच : जुनाट आहे, एका अंगावर कलंडवल्याशिवाय चालू होत नाही. 1989 साली 'हमारा बजाज' ही मोहीम आली आणि तिने यंत्राबद्दल वाद घातलाच नाही. 'हमारा' या एका सर्वनामात तिचे सगळे काम होते. आपल्या माणसाला खोकला असला तरी तो आपला असतो, तशी ही स्कूटर. हरकत खोडून काढण्याऐवजी तिला घरात घेण्याची ही रीत होती. 2009 साली बजाजने स्कूटर बनवणे थांबवायचे ठरवले, तरी ते सर्वनाम लोकांच्या तोंडी राहिले, आणि 2020 साली विजेवरची स्कूटर आली तेव्हा तिला नाव द्यायला 'चेतक'च शोधावे लागले.

2012 साली बारामतीतून निघालेली व्हेस्पा महाराष्ट्रात 66 हजार रुपयांच्या पुढे विकायला आली. त्या वेळी रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटरपेक्षा ती बरीच महाग होती. गिऱ्हाइकाची हरकत उघड होती : एवढे पैसे का? जाहिरातींचा सूर होता इटालियन ऐटीचा. म्हणजे हरकतीचेच भूषण केले गेले. महाग आहे म्हणूनच घ्या. ही रीतही जुनी आहे आणि ठराविक वर्गात ती चालते. व्हेस्पाला तिचे हौशी गिऱ्हाईक मिळाले. पण ती घराघरातली झाली नाही. देखणी असूनही ती कोणाच्याच मनातल्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्हती.

ॲपेची गोष्ट उलटी. तिच्यासमोर प्रश्न असा होता : बैलगाडी पुरत नाही, टेम्पो परवडत नाही, बाजाराला भाजी न्यायची कशी आणि वस्तीवरची माणसे गावात आणायची कशी? ॲपे हेच त्याचे उत्तर होते. आज खेड्यात 'ॲपे' हे सामान्यनाम झाले आहे. गाडी कोणत्याही कंपनीची असो, 'ॲपेने आलो' असेच म्हणतात. तिच्या पाठीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिणारा रंगारी आणि ती चालवणारा पोरगा यांनी तिची जी जाहिरात केली, ती कोणत्याही कचेरीत ठरलेली नव्हती. शब्द सामान्यनाम झाला, की समजावे हरकत मिटली.

एमआयडीसीतल्या आणखी दोन-तीन गोष्टी या ओघात नोंदवतो. फेरेरोची 'किंडर जॉय' इथे बनते : आईला वाटते चॉकलेट नको, पोराला हवे खेळणे, आणि अंड्याच्या दोन अर्ध्यांत दोघांची समजूत. इथल्या डायनॅमिक्स डेअरीत बनलेले चीज दुसऱ्यांच्या नावाने देशभर गेले. आणि भिगवणजवळ, म्हणजे इंदापूर तालुक्यातच, गुळगुळीत छपाईचा कागद बनतो. ज्यावर रंगीत जाहिराती छापतात तो कागद. दूध इथले, हात इथले, कागदसुद्धा इथला. त्यावर काय छापायचे हे मात्र दुसरीकडे ठरते.

कारखान्याची पानभर जाहिरात

म्हणजे आमच्या कारखान्यांना जाहिरात करता येत नाही का? उलट, ते भरपूर जाहिरात करतात. कोणताही दिवाळी अंक उघडावा. साखर कारखान्याची पानभर जाहिरात सापडतेच, आणि वाङ्मयप्रेमींनी कृतज्ञतेने मान्य करावे, की मराठी दिवाळी अंकांचे अर्थकारण अशा पानांनी कित्येक वर्षे सांभाळले आहे. ती जाहिरात आपण पान उलटताना वाचत नाही. एकदा नीट वाचू.

वर दैवताचे किंवा संस्थापकांचे छायाचित्र. खाली कारखान्याचे लांबलचक नाव, त्यात 'सहकारी', 'मर्यादित', मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. मग मजकूर : सर्व सभासद, ऊस उत्पादक, कामगार, तोडणी-वाहतूक ठेकेदार, हितचिंतक यांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. तळाशी कार्यकारी संचालक, उपाध्यक्ष, अध्यक्ष यांची छायाचित्रे आणि 'सर्व संचालक मंडळ'. संहिता म्हणून यातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे संबोधनाची यादी. त्या यादीत ऊस पिकवणारा आहे, तोडणारा आहे, वाहणारा आहे, गाळणारा आहे. साखर खाणारा नाही.

हा विसर नाही. ते व्यवस्थेचे बिनचूक प्रतिबिंब आहे. कारखाना साखर विकतो निविदा काढून, व्यापाऱ्यांना. व्यापारी पाहतो दाणा आणि पांढरेपणा : एम-30, एस-30. किमान विक्री दर केंद्र सरकार ठरवते. 2019 साली तो किलोला 31 रुपये झाला. उसाची एफआरपीही केंद्रच ठरवते. या सगळ्या प्रवासात साखर खाणाऱ्या माणसाशी कारखान्याची गाठ कुठेच पडत नाही. गाठ पडते ती सभासदाशी, जो मतदारही असतो. म्हणून कारखान्याची सगळी प्रतिभा त्याच्यासाठी खर्च होते. बॉयलर अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकणे, पहिल्या पोत्याचे पूजन, या तिन्हींचे फोटो छापून येतात. साखरेच्या पोत्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो तो त्याच्यावर कोणाचा तरी हात असेल तेव्हाच.

रस्त्यावरचे फ्लेक्स याच संहितेची पुढची आवृत्ती आहेत. एक मोठा चेहरा, त्याखाली उतरत्या आकाराचे चेहरे, 'शुभेच्छुक' म्हणून नावांची रांग. त्यात चेहऱ्याची ओळख असते, विधान नसते. विधान नसल्यामुळे हरकत घ्यायला जागाच राहत नाही. आणि जिथे हरकत घ्यायला जागा नाही, तिथे बीजकल्पना रुजत नाही. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला तर कोणाला आठवतही नाही, यात नवल नाही.

गव्हाणीपासून गोदामापर्यंत

मग साखरेची बीजकल्पना शोधायची तर कशी? क्लॉड हॉपकिन्स यांनी स्वतःच्या कामाची एक हकिगत सांगून ठेवली आहे. अमेरिकेतल्या श्लिट्झ बिअरसाठी लिहायच्या आधी ते भट्टी पाहायला गेले. वाफेने धुतल्या जाणाऱ्या बाटल्या, गाळलेली हवा, खोल विहिरींचे पाणी पाहून ते थक्क झाले. मालक म्हणाले, यात विशेष काही नाही, सगळेच असे करतात. हॉपकिन्स यांचे म्हणणे होते, की सगळे करतात, पण सांगितलेले कोणीच नाही. त्यांनी ते सांगितले आणि विक्री झपाट्याने वाढली. 'बाटल्या स्वच्छ असतील का?' ही पिणाऱ्याची न बोललेली हरकत होती.

याच नजरेने आपल्या कारखान्यात शिरावे. गव्हाणीतून ऊस आत जातो, रस निघतो, चुना आणि गंधकाच्या धुराने तो निवळतो, आटतो, पॅनमध्ये दाणा धरतो, मशीनमध्ये मळी वेगळी होते, दाणा वाळून पोत्यात जातो. प्रत्येक टप्प्यावर खाणाऱ्याची एक हरकत दबा धरून बसलेली आहे. पोते उघडे असते, त्यात काय पडत असेल? या हरकतीचे उत्तर सीमाभागातल्या बेळगाव जिल्ह्यातून वाढलेल्या रेणुका शुगर्सने 'मधुर' हे पाकीट काढून दिले. स्वच्छतेवर नाव उभे केले. गंधकाची हरकतही काही कंपन्यांनी ओळखली आणि पाकिटावर 'गंधकविरहित' छापले. म्हणजे साखर ती साखर हे म्हणणे बाजारात केव्हाच खोटे ठरले आहे. फक्त ते ठरवणारे आपण नव्हतो.

पण गव्हाणीच्याही अलीकडे, फडात, सगळ्यात मोठी हरकत उभी आहे. ऊस कोणी तोडला? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेली जोडपी बारामती-इंदापुरात पाल टाकून राहतात. 2019 साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. दुसरी हरकत पाण्याची. नीरा डावा कालवा आणि उजनीचा फुगवटा यांच्या काठावर ऊस आहे. त्याच तालुक्यांत टँकरची वाट पाहणारी गावेही आहेत.

जाहिरात लिहिणारा चतुर असेल तर तो या दोन हरकतींना हळूच वळसा घालेल. हिरवा फड, हसरा शेतकरी, पाण्याचा पाट. तसे करणे सोपे आहे आणि वळसा घालण्याच्या कलेत आपला देश पुढारलेला आहे. 2003च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आली, 2012 साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. तरी तीच नावे वेलदोड्याच्या डबीवर चढून पडद्यावर येतात. 'पान पसंद'ने पानावरच्या हरकतीला उत्तर दिले. वेलदोड्याच्या डबीने हरकत झाकली. बीजकल्पना आणि बनवाबनवी यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो.

म्हणून माझ्या मते या भागातल्या साखरेची बीजकल्पना एकच असू शकते, आणि ती लिहिणाऱ्याच्या टेबलावर तयार होणार नाही. ज्या पाकिटावर एखादा कारखाना छापू शकेल, की हा ऊस तोडणाऱ्या बाईला राहायला पक्के छप्पर, संडास, तिच्या पोराला शाळा आणि तिला आजारपणाची रजा मिळाली आहे, आणि हा ऊस ठिबकवर पिकला आहे, त्या पाकिटाला नाव आपोआप मिळेल. असे विधान रीव्हज यांच्या कसोटीला उतरते, कारण दुसरा ते सहज करू शकत नाही. ते ऑगिल्व्ही यांच्या तीस वर्षांच्या कसोटीला उतरते, कारण दर हंगामाला ते पुन्हा खरे करून दाखवावे लागेल. आणि सहकारी कारखान्याला ते खाजगी कंपनीपेक्षा सोपे असायला हवे. सहकाराची मूळ कल्पनाच 'आपला' या सर्वनामावर उभी होती. बजाजला ते सर्वनाम जाहिरातीसाठी शोधावे लागले. आमच्याकडे ते नोंदणीपत्रात लिहिलेले आहे, फक्त त्यात तोडणारा आणि खाणारा या दोघांना अजून धरलेले नाही.

कोणी म्हणेल, हा जाहिरातीचा विषय राहिला नाही, कारभाराचा झाला. बरोबर आहे. किर्लोस्करांच्या नांगराचेही तसेच होते. आधी जमीन न नासणारा नांगर हवा होता, मग 'खबर'. जाहिरातीच्या मजकुराची समीक्षा करायची ती एवढ्यासाठीच, की जे विधान छापताना आपला हात थबकतो, तिथे कारभारातली उणीव सापडते. सप्टेंबरात कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. सभासद भावाबद्दल विचारतात, रिकव्हरीबद्दल विचारतात, कधी कधी माईक हिसकावून घेतात. पुढच्या सभेत एखाद्याने उठून एवढेच विचारावे : अध्यक्षमहाराज, आपल्या साखरेचे नाव काय? उत्तर येणार नाही, हे ठाऊक आहे. पण प्रश्न इतिवृत्तात नोंदला जाईल.